शीत इकडे, हुमण तिकडे

बांबोळीहून परतताना, रायबंदरच्या धक्क्यावर,
आमच्या हातांत दोन कागद होते.
त्याच्या कागदावर भाताला काट,
माझ्या कागदावर नारळाला.
लग्नाला चौतीस वर्षं झाली,
पहिल्यांदाच आम्हाला वेगवेगळी पत्रं आली.

याच फेरीबोटीच्या इंजिनखोलीत
सगुणने उमर काढली.
दिवाडी जवळ आली तेव्हा म्हणाला,
"म्हणजे हुमण मी खायचं
आणि शीत तू.
मग जेवायचं कोणी?"

दुसऱ्या दिवसापासून एकाच चुलीवर दोन टोपं.
एकात बांगडा, दाट रसात गळ्यापर्यंत बुडालेला, वर तिरफळं.
दुसऱ्यात त्याचाच भाऊ,
आमसुलाच्या पाण्यात उघडा पडलेला,
इस्पितळातल्या माणसासारखा.

सगुणच्या ताटात मधली जागा रिकामी.
तिथे मी तांबडी भाजी वाढायची, कधी अंडं,
पण तो त्या जागेकडे असा बघायचा
जसं चवथ संपल्यावर
माटोळीखालच्या पाटाकडे बघतात.
पोदेराचा भोंगा वाजला
की रेडिओ मोठा करायचा.

माझ्यापुढे कोरगुटाचा भात,
लाल, जाड, आमच्याच खाजनातला,
आणि त्यावर ओतायला काही नाही.
रसाविना भात घशात अडकतो,
भांडण संपल्यावर सुचलेल्या उत्तरासारखा.

पाडेली झुझे माडाखाली उभा राहून विचारत होता,
"बाय, नारळ किती ठेवू?"
मी म्हटलं, अर्धे.
तो वर बघत म्हणाला,
माडाला कुणी सांगितलंय का हे?

महिन्यातून एकदा पिएदादला, कामिलच्या वखारीत,
खोबऱ्याच्या काट्यावर चढायचो,
आधी तो, मग मी.
कामिल वजन वहीत लिहायचा,
आमच्या वर कुणाचं तरी सुकं खोबरं, खाली कुणाचं तरी.
सहा महिन्यांत सगुणचे चार किलो गेले,
माझे पावणेचार.
एवढ्या पावासाठी आम्ही दोन दिवस बोललो नाही.

मग रक्ताचे कागद आले.
त्याची साखर उतरली, ट्रायग्लिसराइडही,
पण वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल
हळूच जिना चढून बसलं.
माझं तेच खाली आलं,
आणि चांगलं म्हणतात तेही त्याच्या मागोमाग निघालं,
कुणी हाक मारली नव्हती तरी.

"बाई, जिंकलं कोण?" सगुणने विचारलं.
कुतिन्होबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
दोन माणसांवरून काही ठरत नाही, म्हणाल्या.
हजारो माणसं तोलून बसलेल्यांचंही
अजून पुरतं ठरलेलं नाही.
तुमचं पथ्य तुमच्या रक्ताचं, तिचं तिच्या.
वर्षभर पाळता येईल ते बरं.

परतताना मी कठड्याला टेकून विचार करत होते.
शितावरून भाताची परीक्षा, असं म्हणतात.
आमच्या गावात तर भातालाच शीत म्हणतात,
एका दाण्याला जो शब्द, तोच अख्ख्या टोपाला.
मग आम्ही दोघं कोण?
दाणे, की टोप?
सगुण इंजिनाचा आवाज ऐकत होता.
"दुसरा सिलिंडर खोकतोय," म्हणाला,
"याला कुणी पथ्य दिलं नाही."

आता रविवारी एक सवलत.
डॉक्टरांना विचारलेली नाही.
माझ्या ताटातली पाच शितं त्याला, मोजून,
त्याच्या रसात माझं एक बोट, एकदाच.
परवा त्याने सहावं शीत
तांबड्या भाजीखाली सारलं.
मला दिसलं.
बोलणार होते,
पण तोंडात बोट होतं,
दुसऱ्यांदा.